रक्ततपासणी आली म्हणून ट्रेसरचं काम संपलेलं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर अल्झायमरच्या रक्ततपासणीची बातमी आली होती, पी-टाऊ २१७ वाली, म्हणजे रक्तातल्या टाऊ या प्रथिनाचं एक रूप मोजणारी. बातमी चांगलीच होती, त्याबद्दल आधी आभार. पण तिच्या शेवटी असं म्हटलंय की आता त्या महागड्या, किरणोत्सारी स्कॅनची गरजच उरणार नाही, तो प्रकार जवळजवळ इतिहासजमा झाला. ते वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी गेली सोळा वर्षं पेट स्कॅनसाठी, म्हणजे त्याच स्कॅनसाठी, लागणारी किरणोत्सारी इंजेक्शनं बनवते, आम्ही त्यांना ट्रेसर म्हणतो, आणि त्यातलं बरंचसं काम मेंदूसाठीच्या ट्रेसरचं आहे. म्हणजे माझं पोट याच कामावर आहे हे आधीच सांगून टाकते, पण लिहितेय ते त्यासाठी नाही, कशासाठी ते पुढे येईलच.

आधी रक्ततपासणीचंच बोलू. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, मे २०२५ मध्ये अशा पहिल्या तपासणीला परवानगी दिली, ५५ च्या पुढच्या आणि विसरभोळेपणाची लक्षणं दिसायला लागलेल्या लोकांसाठी. त्यासाठी ४९९ जणांच्या रक्ताचे नमुने तपासले होते. पण रक्ताचा निकाल बरोबर आला की चुकला हे ठरवलं कशावरून? त्याच लोकांच्या अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) दाखवणाऱ्या पेट स्कॅनवरून, नाहीतर पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीवरून. म्हणजे ज्या स्कॅनला आपण इतिहासजमा म्हणतोय तोच या नव्या तपासणीचा पेपर तपासणारा मास्तर आहे. आणि तरीही काही लोकांचा निकाल अधांतरी राहतोच, धड पॉझिटिव्ह नाही धड निगेटिव्ह नाही, अशांना पुढे कुठे पाठवणार?

आता त्या स्कॅनवर तरी विश्वास का ठेवायचा, हा प्रश्नही रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला स्वतःला फार मोठं वाटतं. फ्लोरबेटापिर नावाचा ट्रेसर तपासताना आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर असलेल्या लोकांना विचारलं गेलं, की तुमचा आत्ता स्कॅन काढू का, आणि तुम्ही गेल्यावर तुमचा मेंदू तपासू का. लोक हो म्हणाले. २०१२ मध्ये जो निकाल छापून आला त्यात अशा ५९ जणांचे मेंदू होते, स्कॅनमध्ये जे दिसलं ते मायक्रोस्कोपखाली खरंच होतं का हे एकेकाचं ताडून बघितलं. ज्या ३९ मेंदूंत अमायलॉइडचा साठा होता त्यातले ३६ स्कॅनने बरोबर ओळखले होते, आणि ज्या २० मध्ये तेवढा साठा नव्हता ते वीसच्या वीस. रक्ताचा निकाल स्कॅनवर उभा आहे आणि स्कॅन या माणसांनी जाताना देऊन ठेवलेल्या मेंदूंवर उभा आहे. तुमच्या बातमीत हे एक वाक्य जरी आलं असतं तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

थोडं मागे जाऊ. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये आपल्या एका पेशंटबाईच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून बघितले आणि त्यात पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत झालेला गुंता दिसला. गोळे म्हणजे अमायलॉइड आणि गुंता म्हणजे टाऊ, हे नंतर कळलं. पण पुढची जवळजवळ शंभर वर्षं हे फक्त माणूस गेल्यावरच बघता यायचं. जिवंतपणी डॉक्टर लक्षणांवरून अंदाज बांधणार, एमआरआयमध्ये मेंदू आक्रसलेला दिसणार, एफडीजी पेटमध्ये मेंदू साखर कमी वापरतोय हे दिसणार, पण ती सगळी परिणामांची चित्रं, मूळ साठा कुणाला दिसतच नव्हता.

तो दिसायला लागला तो एका कपडे रंगवायच्या रंगापासून, आणि ही गोष्ट मी नवीन विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पॅथॉलॉजीवाले अमायलॉइड ओळखायला कॉंगो रेड आणि थायोफ्लेविन असे रंग वापरायचे. पिट्सबर्ग विद्यापीठातले विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांच्या डोक्यात आलं की हा रंगच किरणोत्सारी करून जिवंत माणसाला टोचता आला तर? कल्पना सोपी, पण कॉंगो रेड मोठा आणि विजेचा भार असलेला रेणू, तो मेंदूत शिरतच नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत फार कडक पहारा देते, भार असलेलं, अवजड असलेलं काही सहजी आत सोडत नाही, आणि चुकून शिरलंच तर पंपाने परत बाहेर फेकते. मग थायोफ्लेविन-टी घेतला, त्याच्यावर पॉझिटिव्ह भार होता, तो भार देणारा भाग काढून टाकला, रेणू तटस्थ केला, आणि अशी शेकडो रूपं बनवून बाद करत करत एक हाती लागलं. स्वीडनमध्ये उप्साला इथे फेब्रुवारी २००२ मध्ये ते पहिल्यांदा अल्झायमरच्या पेशंटला दिलं गेलं. पिट्सबर्ग कंपाउंड-बी, आम्ही पिब म्हणतो. २००४ मध्ये पेपर आला, १६ पेशंट आणि ९ निरोगी माणसं, एवढाच अभ्यास, पण त्या चित्रांनी सगळं क्षेत्र हलवून सोडलं.

हे सगळं सुरू झालं होतं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे एका चित्रासाठी दहा-बारा वर्षं.

आणि एवढं करूनही पिब सगळीकडे वापरता येत नाही, कारण त्यातला किरणोत्सारी कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. बनवून, तपासून पेशंटपर्यंत नेईपर्यंत त्यातलं बरंच संपलेलं असतं, त्यामुळे ज्या इमारतीत सायक्लोट्रॉन, म्हणजे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र, आहे तिथेच स्कॅन व्हायला हवा. म्हणून मग फ्लोरिन-१८ वाले ट्रेसर आले, ते ११० मिनिटांनी निम्मे होतात, गाडीत घालून दुसऱ्या गावी नेता येतात. फ्लोरबेटापिरला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, फ्लुटेमेटामॉलला २०१३ मध्ये, फ्लोरबेटाबेनला २०१४ मध्ये. टाऊ दाखवणारा पहिला मान्यताप्राप्त ट्रेसर, फ्लोरटाउसिपिर, तो तर २०२० मध्ये आला. ही सगळी अमेरिकेतल्या मान्यतेची वर्षं.

लोकांना वाटतं ट्रेसर म्हणजे कुठल्याही औषधाला किरणोत्सारी शेपूट जोडली की झालं. तसं असतं तर किती बरं झालं असतं. रेणू मेंदूत शिरला पाहिजे, आणि पटकन शिरला पाहिजे, म्हणजे थोडा तेलकट स्वभावाचा हवा, पण फार तेलकट झाला तर मेंदूतल्या चरबीला जिथे तिथे चिकटून बसतो आणि सगळं चित्र धुरकट होतं. जे हवं त्याला घट्ट धरायचं आणि बाकी ठिकाणाहून लगेच निघून जायचं, हे दोन्ही एकाच रेणूने करायचंय. लिव्हरमध्ये त्याचे तुकडे होतात ते तुकडे परत मेंदूत जाता कामा नयेत. फ्लोरिन सुटून गेला तर तो हाडात जाऊन बसतो, मग कवटीच चमकते आणि तिच्या शेजारचा मेंदूचा बाहेरचा थर वाचता येत नाही. उंदरावर तपासून खात्री करावी म्हटलं तर तिथेही पंचाईत, अल्झायमरसाठी बनवलेल्या उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड माणसासारखं नसतं, पिबसारखा ट्रेसर त्यांच्यात फारच कमी चिकटतो. पिबचा निकाल फक्त उंदरावर लावला असता तर तो केव्हाच कचऱ्यात गेला असता.

आणि सगळं जमलंय असं वाटत असतानाही फसायला होतं. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात टाऊसाठी टीएचके-५३५१ नावाचा ट्रेसर बनला होता, चित्रं फार सुंदर यायची, आम्ही सगळे भारावून गेलो होतो. मग २०१७ मध्ये एका गटाने पेशंटना सेलेजिलिन या जुन्या औषधाची एक गोळी देऊन परत स्कॅन काढले तर सिग्नल धाडकन खाली आला. सेलेजिलिन एमएओ-बी नावाच्या एन्झाइमला अडवतं. म्हणजे जे आपण टाऊ म्हणून बघत होतो त्यातलं बरंचसं टाऊ नव्हतंच, ते एमएओ-बी होतं. कित्येकांची कित्येक वर्षं त्यात गेली होती. पण ज्यांनी बनवला त्यांनीच ते मान्य केलं, त्याच रेणूत फेरफार करून एमएओ-बी बघण्यासाठीच नवा ट्रेसर काढला, आणि टाऊवाले पुढच्या पिढीच्या रेणूंकडे वळले. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. फ्लोरटाउसिपिरसुद्धा मेंदूच्या आतल्या काही भागांत टाऊ नसतानाही चमकतो, वाचणाऱ्याला ते माहीत असावं लागतं.

हे रोजच्या कामात कसं दिसतं तेही सांगते. स्कॅन सकाळी नऊचा असेल तर आमचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. ऑक्सिजन-१८ वालं खास पाणी, जेमतेम दोन-तीन मिली, त्यावर सायक्लोट्रॉनमधून प्रोटॉनचा मारा करायचा, त्यातून फ्लोरिन-१८ तयार होतो आणि बारीक नळीतून शिशाच्या जाड भिंतीच्या हॉट सेलमध्ये येतो. तिथे पहिलं काम म्हणजे त्याचं पाणी काढणं. पाण्यात असताना फ्लोराइडला पाण्याच्या रेणूंनी असं घेरलेलं असतं की तो कशाशी रिअ‍ॅक्शनच करत नाही, म्हणून अ‍ॅसिटोनायट्राइल घालून दोन-तीनदा सुकवायचं, आणि इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट. मग मूळ रेणू घालायचा, तापवायचं, एचपीएलसी नावाच्या, घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर शुद्ध करायचं, स्क्रीनवर आपल्या रेणूचा उंचवटा वर चढताना दिसला की जिवात जीव येतो. मग गाळणी, तीही जंतू अडवणारी, आणि मग क्यूसी, म्हणजे दर्जाची तपासणी. रंग, पीएच, शुद्धता, एंडोटॉक्सिन म्हणजे जंतूंचं विष. जंतू वाढतात का हे बघायची टेस्ट मात्र चौदा दिवसांची असते, तोपर्यंत ट्रेसर काय थांबत नाही, त्यामुळे इंजेक्शन आधी दिलं जातं आणि तो रिपोर्ट नंतर येतो. म्हणून गाळणी धड आहे का ही तपासणी आमच्याकडे देवासारखी मानतात. वापरलेल्या गाळणीवर हवेचा दाब वाढवत न्यायचा आणि बुडबुडा कितीला येतो ते बघायचं, ठरलेल्या दाबाच्या आत बुडबुडा आला की बॅच बाद, चर्चा नाही.

एकदा असंच झालं. टाऊच्या एका अभ्यासासाठी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, बरोबर त्यांचे पती. बॅच उत्तम होती, शुद्धता ९८ टक्क्यांच्या वर, आणि गाळणीचा बुडबुडा आधीच आला. टाकून दिली. दुसरी बॅच त्या दिवशी होणं शक्य नव्हतं, मी स्वतः बाहेर जाऊन सांगितलं. काका एवढंच म्हणाले, "ठीक आहे, परत येऊ." आणि मग त्यांनी बाईंना समजावून सांगितलं की आज होणार नाहीये. दहा मिनिटांनी बाईंनी विचारलं की आपण इथे का आलोय, त्यांनी परत सांगितलं. गाडीत बसेपर्यंत चारदा सांगितलं असेल, एकदाही आवाज चढला नाही. पुढच्या आठवड्यात ते परत आले, त्या स्कॅनचा त्या दोघांना स्वतःला काहीच उपयोग नव्हता, आणि हे त्यांना पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलेलं होतं.

आता तुमच्या बातमीतला किरणोत्सारी हा शब्द. तो वाचून लोक घाबरतात आणि मग अभ्यासाला नाही म्हणतात, म्हणून नीट सांगते. फ्लोरबेटापिरच्या एका स्कॅनमधून शरीराला साधारण ७ मिलिसिव्हर्ट एवढा डोस मिळतो. आपल्या सगळ्यांनाच जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो, म्हणजे तीनेक वर्षांचं एकदम मिळालं असं धरा. शून्य नाही, म्हणूनच उगाच कुणाचाही स्कॅन काढू नये आणि गरोदर बाईचा तर नाहीच. पण बारा तासांनी त्यातला जेमतेम शंभरावा हिस्सा उरलेला असतो. आणि औषध म्हणून वजन बघाल तर काही मायक्रोग्रॅम, मिठाच्या कणाएवढंसुद्धा नाही.

आता मुख्य मुद्दा. रक्त सांगतं की आजाराची खूण आहे की नाही. कुठे आहे ते रक्त सांगत नाही. टाऊ स्मृतीच्या भागापुरताच आहे की भाषेच्या भागापर्यंत पसरलाय, हे चित्रातच दिसतं. डोनानेमॅब या अमायलॉइड साफ करणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचणीत, जिचे निकाल २०२३ मध्ये आले, सुरुवातीलाच टाऊ स्कॅन करून पेशंटचे गट पाडले होते. ज्यांच्यात टाऊ कमी किंवा मध्यम होता त्यांच्यात आजाराचा वेग ३५ टक्क्यांनी मंदावला, सगळे धरले तर २२ टक्क्यांनी. आणि अमायलॉइड साफ झालंय असं स्कॅनमध्ये दिसल्यावर औषध थांबवलं गेलं, लोकांना विनाकारण सलाइनं लावत बसावं लागलं नाही. याच्या उलट बापिन्यूझुमॅब या अमायलॉइडविरुद्धच्याच आधीच्या औषधाच्या चाचण्या. त्यात पेशंट लक्षणांवरून घेतले होते, आणि नंतर काहींचे स्कॅन केले तेव्हा कळलं की ज्यांच्यात एपीओई-४ हा अल्झायमरचा धोका वाढवणारा जीन नव्हता त्यांच्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांच्या मेंदूत अमायलॉइडच फारसं नव्हतं. ज्याच्याकडे रोगाचं मूळच नाही त्याला त्याचं औषध देऊन फरक पडला नाही म्हणायचं, ही केवढी फरफट त्या लोकांची.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, स्कॅन पॉझिटिव्ह म्हणजे माणसाला स्मृतिभ्रंश झालाच असं नाही. म्हाताऱ्या, अगदी ठणठणीत बुद्धीच्या लोकांतही अमायलॉइड सापडतं आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढत जातं. म्हणून काळजी वाटते म्हणून स्कॅन काढून आणा हे मी कुणालाच सांगणार नाही, डॉक्टरांनी बघूनच ठरवावं.

आणि आता माझं कारण. माझ्या बाबांना ८१ व्या वर्षी विसरायला व्हायला लागलं. ते रोज डायरी लिहायचे, त्या डायरीत एकाच पानावर तीच ओळ तीनदा, तीही तशाच वळणदार अक्षरात. डॉक्टरांनी अल्झायमर म्हटलं, गोळ्या सुरू झाल्या, आम्हीही तेच धरून चाललो. दोन वर्षांनी एका अभ्यासात त्यांचा अमायलॉइड स्कॅन झाला. निगेटिव्ह. आमच्याकडे हा स्कॅन काळ्या-पांढऱ्यात वाचतात, आतल्या पांढऱ्या भागाला ट्रेसर सगळ्यांतच थोडा चिकटतो, त्यामुळे निरोगी माणसात तो झाडाच्या फांद्यांसारखा वेगळा उठून दिसतो आणि अल्झायमरमध्ये बाहेरचा थरही भरल्यामुळे फांद्यांची कड पुसली जाते. बाबांच्या चित्रात एकेक फांदी स्वच्छ दिसत होती. मी पुन्हा पुन्हा बघत बसले. अल्झायमर नाही, पण मग काय? विसरणं तर वाढतच चाललं होतं.

आता जे माहीत आहे त्यावरून वाटतं की तो लेट (LATE) नावाचा प्रकार असावा, त्यात टीडीपी-४३ हे वेगळंच प्रथिन साचतं. या आजाराला नावच २०१९ मध्ये मिळालं, आणि ऐंशीच्या पुढच्या लोकांच्या शवविच्छेदनात तो वीस टक्क्यांहून जास्त जणांत सापडतो, बाहेरून हुबेहूब अल्झायमरसारखा. जिवंत माणसात तो दाखवेल असा मान्यताप्राप्त ट्रेसर आज नाहीये. बाबा गेले तेव्हा मेंदू तपासायला द्यायचा का हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि मी याच कामात असून मलाही त्या दिवशी सुचलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

पिब बनला तेव्हाही सुरुवातीची दहा वर्षं दाखवायला काहीच नव्हतं, फक्त बाद झालेल्या रेणूंची यादी होती. टीडीपी-४३ वाले अजून सुरुवातीच्याच टप्प्यावर आहेत, पार्किन्सनमध्ये साचणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनावाले थोडे पुढे आलेत, पेशींचे सांधे म्हणजे सायनॅप्स किती उरलेत ते दाखवणारे ट्रेसर माणसांवर वापरलेही जातायत. अशा वेळी स्कॅनचा जमाना गेला असं छापून आलं की ते पैसे देणारेही वाचतात आणि या शाखेकडे यायचा विचार करणारी मुलंही वाचतात. तेव्हा एक विनंती, त्या बातमीला पुरवणी म्हणून दोन ओळी तरी छापा, की ती रक्ततपासणी कशाशी ताडून बघितली, आणि ज्यांच्यावर ताडून बघितलं ती माणसं कोण होती. मेंदूदान आणि संशोधनातला सहभाग यावर एखादा सविस्तर लेख करायचा असेल तर लागेल ती माहिती मी द्यायला तयार आहे, फक्त सकाळी अकरानंतर फोन करा, त्याआधी हात हॉट सेलमध्ये असतात.

आपली,
एक वाचक, रेडिओकेमिस्ट